अन्यायाला नेमका शब्द कोणता?



येरवड्याच्या एका ताईंचे पत्र आले आहे. ताई एका कंपनीत हाऊसकीपिंगचे काम करतात, त्यांचे पती रिक्षा चालवतात. मुलगी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पत्र पाठपोट दोन पानांचे आहे. त्यातला मुद्दा थोडक्यात असा.

मुलीच्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या फॉर्मची तपासणी होती. ऑफिसातला एक माणूस भर वर्गात आला आणि म्हणाला, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." उभ्या राहिलेल्या मुलामुलींची नावे त्याने आडनावांसकट मोठ्याने वाचली. खिडकीवर त्यांची वेगळी रांग लावली. फी भरणाऱ्यांची रांग संपेपर्यंत ही रांग हलेना. ताईंची मुलगी दोन दिवस तास बुडवून उभी होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, तर उत्तर मिळाले, "फुकट शिकायचे आणि वर घाई करायची?"

मुलगी धीराची. तिने प्राचार्यांच्या नावे इंग्रजीत अर्ज लिहिला. पहिलेच वाक्य असे की, आपल्या कॉलेजात 'इनइक्वॅलिटी' आहे. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी तो वाचला, हसले आणि परत दिला. म्हणाले, "इनइक्वॅलिटी तर साऱ्या जगात आहे. त्याला कॉलेज काय करणार?" पोर घरी येऊन आईला म्हणाली, "माझे इंग्रजीच कच्चे आहे."

ताई विचारतात, "गुरुजी, डिक्शनरीत पाहिले तर इनइक्वॅलिटी, इनइक्विटी, इनजस्टिस, डिस्क्रिमिनेशन या सगळ्यांपुढे अन्याय, असमानता, भेदभाव असेच उलटसुलट लिहिले आहे. मग पोरीने लिहायचे तरी काय?"

ताई, आधी मुलीला सांगा, तिचे इंग्रजी कच्चे नाही. तिने लिहिलेला शब्द खोटाही नाही. फक्त तो इतका मोठा होता की त्याच्या आड लपायला साहेबांना जागा मिळाली. साऱ्या जगाला लागू पडणारा शब्द वापरला की समोरचा माणूस साऱ्या जगाकडे बोट दाखवून मोकळा होतो. म्हणून या शब्दांची एकेक करून ओळख करून घेऊ. त्यासाठी लांब जायला नको. आपल्या वस्तीतल्या रेशनच्या दुकानात जाऊ.

दुकानाच्या पाटीवर काय लिहिलेले असते? 'रास्त भाव दुकान'. इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप'. म्हणजे 'फेअर' म्हणजे रास्त. जे रास्त नाही ते 'अनफेअर'. हा शब्द सोपा आहे, पण मऊ आहे. खेळात पंचाने चुकीचा निर्णय दिला तरी पोरे 'अनफेअर' म्हणतात. घरात, मित्रांत तो चालेल. अर्जात तो लिहिला तर वाचणाऱ्याला वाटते, पोर रुसले आहे. तेव्हा पुढे जाऊ.

रांगेत दोन बाया उभ्या आहेत. एकीकडे अंत्योदयाचे कार्ड आहे, तिला महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो धान्य. दुसरीचे कार्ड प्राधान्य कुटुंबाचे, तिला माणशी ५ किलो. घरात तीन माणसे, म्हणजे १५ किलो. दोघींच्या पिशव्या सारख्या नाहीत. ही झाली 'इनइक्वॅलिटी', म्हणजे असमानता. पण हा अन्याय आहे का? नाही. पहिलीची गरज जास्त धरली म्हणून २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिला जास्त दिले. ध्यानात घ्या, 'इनइक्वॅलिटी' हा मोजमापाचा शब्द आहे. दोन गोष्टी सारख्या नाहीत एवढेच तो सांगतो. कोणी केले, का केले, ते चांगले की वाईट, याविषयी तो गप्प असतो.

आता दुकानात अंगठ्याचे मशीन आले. नियम सर्वांना एकच, अंगठा जुळला तर धान्य. पण जिची उमर भांडी घासण्यात गेली त्या आजीच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या. मशीन तिला ओळखत नाही. ती दोनदा रिकाम्या पिशवीने परत जाते. इथे कोणी तिच्याशी वेगळे वागले नाही, नियम समान आहे. तरीही तिचा वाटा बुडाला. याला 'इनइक्विटी' म्हणतात. समान वागवूनही जेव्हा रास्त वाटा मिळत नाही, तेव्हा हा शब्द. याच्या उलट 'इक्विटी', म्हणजे ज्याची त्याची अडचण पाहून केलेली रास्त वाटणी. "सर्वांना एकच नियम आहे ना, मग तक्रार कसली?" असे जो म्हणतो, त्याला उत्तर देणारा हा शब्द आहे. आरक्षणावर वाद घालणाऱ्यांनीही तो एकदा समजून घ्यावा.

इथे एक खड्डा आहे, जपून. 'इनइक्विटी'चे स्पेलिंग लिहिताना तिसरे अक्षर 'ई' असते. त्या जागी चुकून 'आय' पडला तर शब्द होतो 'इनिक्विटी'. त्याचा अर्थ घोर पाप, दुष्कृत्य. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'सम' अर्थाच्या एकाच शब्दापासून निघाले, पण एक वाटणीकडे गेला आणि दुसरा पापाकडे. अर्जात साहेबांना पापी ठरवायचे नसेल तर ते अक्षर दोनदा तपासा.

पुढे चला. समजा, दुकानदार आडनाव विचारतो. एका वस्तीचे नाव ऐकले की म्हणतो, "तुम्ही थांबा बाजूला." मागून आलेल्यांना आधी देतो. हा झाला 'डिस्क्रिमिनेशन', म्हणजे भेदभाव. इथे तीन गोष्टी दिसतात. करणारा आहे, ज्याच्याशी केले तो आहे आणि ज्यावरून केले ते कारण आहे. या तिन्ही गोष्टी बोट ठेवून दाखवता आल्या की हा शब्द बेलाशक लिहावा. दुकानदाराच्या मनात आपल्याविषयी जे आधीपासून बसले आहे त्याला 'प्रेज्युडिस' म्हणतात, म्हणजे पूर्वग्रह. पूर्वग्रह मनात असतो, भेदभाव हाताने होतो. मनाची झडती घेता येत नाही. हाताने केलेल्याचा पुरावा देता येतो.

दुकानदार सर्वांनाच मापात मारतो, १५ किलोच्या जागी १३ किलो देतो, तर? इथे भेदभाव नाही, कारण तो कोणालाच सोडत नाही. पण हक्काचे बुडाले. हा 'इनजस्टिस', म्हणजे अन्याय. हा सर्वांत रुंद शब्द. त्यात भेदभावही येतो आणि पगार बुडवणेही येते. दुकानदार म्हणाला, "आधी माझी पोती उतरवून द्या, मग धान्य देतो," आणि त्या कामाची मजुरी दिली नाही, तर ते 'एक्सप्लॉइटेशन', म्हणजे शोषण. आपल्या घामावर दुसऱ्याचा फायदा होतो, तिथेच हा शब्द. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्याला वेठ म्हटले तेच हे. आणि तक्रार करणाऱ्याला धमकावले, कार्ड रद्द करीन म्हटले, सारी वस्ती धाकात ठेवली, तर ते 'ऑप्रेशन', म्हणजे जुलूम. एका दिवसाच्या भांडणाला 'ऑप्रेशन' म्हणू नये. रोजचे ओझे असेल तर म्हणावे.

आता कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? त्याला आपल्याच पुण्याचा इतिहास उत्तर देतो.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'गुलामगिरी' ठेवले, इंग्रजीत 'स्लेव्हरी'. पुस्तक मराठी, पण प्रस्तावना इंग्रजीतही. आणि अर्पण केले अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांना मुक्त केले म्हणून. गुलामांची मुक्ती तेव्हा ताजी होती आणि 'स्लेव्हरी' म्हणजे काय हे इंग्रज साहेबाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. जात म्हटले असते तर साहेब म्हणाला असता, ही तुमची रीत आहे. गुलामगिरी म्हटल्यावर तसे म्हणायला तोंड राहत नाही. जोतीरावांनी शब्द निवडला तो ऐकणाऱ्याचा कान पाहून.

दुसरी गोष्ट येरवड्याची. ताई, तुमच्या घरापासून जवळच असलेल्या तुरुंगात २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. त्यात प्रांतांच्या कायदेमंडळांत १४८ राखीव जागा ठरल्या. त्या इंग्रजी कागदात आपल्या लोकांना काय म्हटले आहे? 'डिप्रेस्ड क्लासेस'. आजची मुले 'डिप्रेशन' म्हणजे मनाचे दुखणे समजतात, म्हणून त्यांना हा शब्द वाचून आश्चर्य वाटते. 'प्रेस' म्हणजे दाबणे. 'डिप्रेस' म्हणजे खाली दाबणे. 'ऑप्रेस' म्हणजे जुलमाने दडपणे, 'सप्रेस' म्हणजे वर येऊ न देणे. तिन्ही एकाच मुळाचे.

हा 'डिप्रेस्ड' शब्द बाबासाहेबांना पसंत नव्हता. करार होण्याच्या आदल्या वर्षी, १९३१ मध्ये, लंडनच्या गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन दिले त्यात हे नाव बदलण्याची मागणी होती. त्यांनी 'नॉन-कास्ट हिंदू', 'प्रोटेस्टंट हिंदू' अशी दुसरी नावेही सुचवली होती. राखीव जागा, मतदानाचा हक्क असे जीवनमरणाचे प्रश्न समोर असताना हा विद्वान माणूस एका नावासाठी कागद खर्ची घालतो, याचा अर्थ काय? आपल्याला हाक कोणत्या नावाने मारली जाते, यावर समोरचा आपल्याला काय देणार हे ठरते, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. मराठीत तर त्यांनी आधीच 'बहिष्कृत' हा शब्द घेतला होता. १९२४ ची बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ चे 'बहिष्कृत भारत' पत्र. 'डिप्रेस्ड' म्हटले की दया येते. 'बहिष्कृत' म्हटले की प्रश्न येतो, बहिष्कार घातला कोणी? शब्दानेच आरोपी उभा केला.

पुढे १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द आला. आपण त्याला अनुसूचित जाती म्हणतो. 'शेड्यूल' म्हणजे यादी. या शब्दात ना दया, ना शिवी. यादीत नाव असेल तर हक्क, नसेल तर नाही. रुक्ष शब्द, पण पक्का. किती पक्का ते आपल्या घरांनी भोगले आहे. १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या यादीबाहेर पडलो, कारण त्या आदेशात धर्माची अट होती. बौद्ध हा शब्द त्यात यायला १९९० साल उजाडले. एका शब्दासाठी ३४ वर्षे! केंद्राच्या नोकरीच्या किती संधी त्या काळात हुकल्या, ते ज्यांच्या घरात घडले त्यांना विचारा. तेव्हा शब्दाचा कीस काढणे हा रिकाम्या लोकांचा उद्योग आहे असे कोणी आपल्याला तरी सांगू नये.

बाबासाहेबांचा आणखी एक शब्द. साधी 'इनइक्वॅलिटी' म्हणून ते थांबले नाहीत. ते म्हणाले 'ग्रेडेड इनइक्वॅलिटी', म्हणजे श्रेणीबद्ध विषमता. श्रीमंत-गरीब अशी दोनच टोके असतात तेव्हा सारे गरीब एक होऊ शकतात. पण जात ही जिन्यासारखी आहे. प्रत्येक पायरीवरच्याला वरच्याचा राग असतो, पण आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधानही असते. म्हणून सारे मिळून जिना मोडत नाहीत. 'ग्रेडेड' हे एक विशेषण जोडले आणि मोजमापाच्या शब्दातून सारी यंत्रणा दिसू लागली. शब्द अपुरा वाटला तर टाकून देऊ नका, त्याला नेमके विशेषण जोडा, हा धडा त्यातून घ्यावा.

संविधान उघडून पाहा. तिथे हे शब्द एकाच पोत्यात भरलेले नाहीत, ज्याच्या त्याच्या जागी ठेवलेले आहेत. कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून 'डिस्क्रिमिनेशन' करायला मनाई आहे. कलम ३८ मध्ये उत्पन्नातली 'इनइक्वॅलिटी' कमी करायला सांगितले आहे. कलम ४६ मध्ये दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे, 'सोशल इनजस्टिस' आणि 'एक्सप्लॉइटेशन' यांपासून रक्षण करायला सांगितले आहे. फरक पाहा. भेदभावाला मनाई आहे, तो झाला तर कोर्टात जाता येते. विषमता कमी करणे हे शासनाचे धोरण आहे, त्यासाठी चळवळ करावी लागते. ताई, आता कळले ना साहेब का हसले? पोरीने धोरणाचा शब्द लिहिला होता, मनाईचा शब्द लिहायला हवा होता.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. कलम १७ इंग्रजीत वाचताना 'डिसअ‍ॅबिलिटी' हा शब्द येईल. तिथे त्याचा अर्थ अपंगत्व नाही. अस्पृश्यतेमुळे लादलेली बंदी, असा आहे. मराठी संविधानात त्याला 'निःसमर्थता' म्हटले आहे. १९२९ साली आपल्या माणसांनी पर्वतीच्या देवळासाठी सत्याग्रह केला, दगड खाल्ले. पायऱ्या चढायला पाय धड होते, अडवणारी होती ती ही 'डिसअ‍ॅबिलिटी'.

आता कॉलेजकडे वळू. यूजीसीने २०१२ साली उच्च शिक्षण संस्थांसाठी नियम केले. त्यांच्या नावातच 'इक्विटी' हा शब्द आहे. त्या नियमांनी भेदभावाच्या तक्रारी ऐकायला 'अँटी-डिस्क्रिमिनेशन ऑफिसर' नेमायला सांगितले. पण कागदावरचा नियम आपोआप चालत नाही. रोहित वेमुला आणि आपल्या महाराष्ट्राची डॉक्टर पायल तडवी यांच्या माता २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या कॉलेजांतला जातिभेद थांबावा म्हणूनच. दोन आयांना पोटची लेकरे गमावल्यावर जे करावे लागले, ते तुमची मुलगी जिवंतपणी, एका कागदाने सुरू करते आहे. तिला हसू नका, तिला बळ द्या.

'अ‍ॅट्रॉसिटी' या शब्दाविषयीही विचारणा होते. तो आपल्या बोलीत रुळला आहे, पण कायद्यात त्याला ठरलेला अर्थ आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. त्यात कोणकोणती कृत्ये गुन्हा आहेत त्यांची यादी आहे, आणि २०१६ पासून ती यादी वाढली आहे. जातीवरून, चारचौघांच्या देखत, हेतुपूर्वक अपमान केला तर तो त्यात येतो. घडलेली गोष्ट यादीत बसते का ते जाणत्या वकिलाला विचारून मगच हा शब्द लिहा. बसत असेल तर घाबरू नका. बसत नसेल तर ओढूनताणून बसवू नका, त्याने पुढच्या खऱ्या तक्रारीचे बळ जाते.

व्याकरणाच्या दोन गोष्टी पाठ करा. 'अनजस्ट' हे विशेषण, पण नाम 'इनजस्टिस'. 'अनइक्वल' विशेषण, पण नाम 'इनइक्वॅलिटी'. 'अनजस्टिस' असा शब्द नाही. दुसरे, 'डिस्क्रिमिनेट'च्या पुढे 'अगेन्स्ट' हवा. 'दे डिस्क्रिमिनेटेड अगेन्स्ट अस', म्हणजे त्यांनी आमच्याशी भेदभाव केला. 'अगेन्स्ट'च्या जागी 'बिटवीन' घातला तर अर्थ होतो, दोन गोष्टींतला फरक ओळखणे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर 'डिस्क्रिमिनेशन' असलेला माणूस म्हणजे चांगली पारख असलेला माणूस!

शेवटी वडिलांची एक आठवण सांगतो. ते एका कारखान्यात मजूर होते. जादा पाळीचे पैसे मिळेनात म्हणून त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. मी सातवीत होतो. तीन पाने लिहिली, 'घोर अन्याय' हा शब्द मोजून अकरा वेळा. युनियनमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो वाचला आणि म्हणाले, "बाळ, अन्याय एकदाच लिही, तोही शेवटी. आधी लिही, किती दिवस, किती तास, किती रुपये." अर्ज अर्ध्या पानाचा झाला. चार महिन्यांनी पैसे मिळाले. त्या अर्ध्या पानाने मला मास्तर केले.

तेव्हा ताई, मुलीला नवा अर्ज असा लिहायला सांगा. पहिल्या परिच्छेदात तारीख, वेळ, ठिकाण. दुसऱ्यात काय घडले ते, वर्गात नावे वाचली, वेगळी रांग लावली, किती तास उभे केले, बोललेले वाक्य जसेच्या तसे, ऐकणाऱ्या दोन मैत्रिणींची नावे त्यांना विचारून. तिसऱ्यात एकच वाक्य, शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांशी हा 'डिस्क्रिमिनेशन' आहे. चौथ्यात मागणी, वर्गात नावे वाचणे बंद करा, रांग एक करा, बोलणाऱ्याला समज द्या. मागणी नसलेला अर्ज म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. इंग्रजी जड वाटले तर मराठीत लिहा, मराठी अर्जही अर्जच असतो.

रविवारी विहारात अभ्यासिका असते तिथे मुलीने कच्चा अर्ज घेऊन यावे. तिच्याबरोबर रांगेत उभ्या असलेल्या मैत्रिणींनाही आणावे. सह्या जास्त असल्या की साहेबांना हसायला वेळ लागतो.

बाकी वाचकांसाठी घरचा अभ्यास. या आठवड्यात तुमच्या डोळ्यांदेखत घडलेली एक खटकणारी गोष्ट चार ओळींत लिहा आणि वरच्या शब्दांपैकी कोणता तिला बसतो ते ठरवा. कोणी केले, कोणाशी केले, कशावरून केले, हे तीन प्रश्न आधी विचारा, शब्द मागून येईल. मुलांबरोबर बसून लिहा. उत्तरे पाठवा, निवडक उत्तरांवर पुढे बोलू.

जयभीम.